होमाचा खटका

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. ती कागद वाचते.

शहाण्या माणसानं कसं, वरचं नाव बघावं, खालची सही बघावी आणि कागद तारेला टोचून मोकळं व्हावं. मंजिरीचं तसं नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणार, आणि मधेच मान वर करून विचारणार, "आत्या, यात असं का लिहिलंय?" मला काय ठाऊक का लिहिलंय! लग्न ठरवायला आली होती तेव्हाच आमच्या कार्यालयाच्या पावतीमागचे नियम वाचून तिनं बापाच्या कानात सांगितलं होतं, की सातव्या नियमाचं आणि बाराव्याचं जमत नाही. तिथंच मी ओळखायला हवं होतं. पण पोरगी दिसायला नीटस, आमच्या संपतला आवडलेली. म्हटलं, वाचते तर वाचू दे, चार दिवसांनी डाळ-तांदळात पडली की विसरेल. कसली विसरते!

आठ वर्षं झाली या गोष्टीला. बार्शीत आमचं सिद्धाई मंगल कार्यालय आहे. लग्नसराई तोंडावर आली होती आणि मी कचेरीत सूप मांडीवर घेऊन लाह्या निवडत बसले होते. लग्नात होमात घालायच्या लाह्या मी कुणाला निवडू देत नाही. तेवढ्यात ठाण्यातला शिपाई एक कागद देऊन गेला. झालं. मंजिरीनं पदर खोचला आणि सुरू केलं.

"आत्या, कॅमेरे बसवायला सांगितलेत."

"कुणी?"

"पोलिसांनी. गावातल्या सगळ्याच कार्यालयांना. लग्नातनं दागिने जायला लागलेत ना. दारात, मांडवात, जेवणाच्या हॉलमध्ये, गाड्या लावतात तिथं. आणि सगळ्यांचं चित्र साठवणारी पेटी बसवायची. रेकॉर्डर. तीस दिवसांचं त्यात राहायला पाहिजे. नाही केलं तर यंदा ना हरकत दाखला नाही."

"आपल्याकडं एकतीस वर्षांत चमचा हरवला नाही म्हणावं."

"चमच्याचं यात काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. तिला विनोद करायचा नसतो, ते तसंच बाहेर पडतं. "अकरा कलमं आहेत. वाचू का?"

"वाच. माझ्या काय पोटात दुखतंय?"

ती वाचत राहिली. पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं. चौथ्यात होतं की बाहेर पाटी लावायची, 'आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात.' तिथं माझं डोकं फिरलं. निगराणीखाली कैदी असतात. माझ्याकडं पाव्हणे येतात, पोरीचं लग्न घेऊन येतात. मी ठरवलं की पाटी मी सांगेन तशी होईल. त्या विचारात पाच-सहा कलमं कानावरनं गेली. नवव्याला लाह्यांत खडा लागला. वाचून झालं तेव्हा मी म्हटलं, "बरं बरं, बसवू," आणि कागद तारेला टोचला.

कॅमेरे बसवायला इलाही आला. हा आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॅमेरे. आमच्याकडचे ध्वनिक्षेपक तोच बघतो. चांगला माणूस, फक्त हातात कायम भोक पाडायचं मशीन. त्यानं दारात, मांडवात डबे चढवले, वायरी ओढल्या, आणि पेटी कुठं ठेवायची म्हणून कोठीत आला. कोठी म्हणजे आमची सामानाची खोली. तांदूळ, पत्रावळ्या, परातीपासून गुरुजींच्या शिध्यापर्यंत सगळं तिथं. कुलूप कायम. किल्ली दोघींकडं, एक माझ्याकडं आणि एक कलावतीकडं.

"काकी," इलाही म्हणाला, "पेटीला वेगळी लाइन ओढावी लागंल. मीटरपासनं. या भिंतीतनं भोक पाडतो."

भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे मांडवाच्या बाजूला, पेंटरकडनं काढून घेतलेला गणपती आहे. सहा फुटी. सोबत रिद्धी-सिद्धी, पायाशी उंदीर. नवरा-नवरी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

"कुठं येतंय भोक पलीकडं?"

त्यानं अंदाज घेतला आणि ओशाळला. "कानात येतंय."

"गणपतीच्या कानातनं वायर काढतोस?"

"माझाबी हात उचलत नाही काकी, म्हणून तर विचारलं. मग बाजूनं प्लास्टिकची पट्टी मारून नेतो."

"आणि सगळ्या फोटोत ती पट्टी दिसू दे. नवरी, नवरा आणि पट्टी."

"आत्या," मंजिरी मागनं म्हणाली, "ते नवव्या कलमात आहे ना, की पेटीची लाइन..."

"नववं कलम राहू दे नवव्या जागेवर. गप." मी कोठीतला जुना सॉकेट दाखवला. ह्यांनी, म्हणजे संपतच्या वडिलांनी, हयात असताना मिक्सरसाठी बसवलेला. "इथं लाव."

"ही लाइन कुठली?" इलाहीनं विचारलं.

"आमच्याच घरची आहे. शेजाऱ्याची चोरलेली नाही."

इलाहीनं मंजिरीकडं बघितलं, मंजिरीनं माझ्याकडं, मी सॉकेटकडं. पेटी लागली. तिच्यावर त्यानं लोखंडी जाळीचा पिंजरा ठोकला, पिंजऱ्याला कुलूप. कचेरीत टीव्ही लावला, त्यात चार चौकटी, चारी चौकटींत आमचं कार्यालय. मला आवडलं, खोटं का सांगू. मागचं चित्र लावून दाखवलं तर एका चौकटीत मीच दिसत होते. म्हटलं, बरी दिसते की मी अजून.

पाटीही झाली. पेंटरला मी तोंडानं सांगितली, त्यानं लाल अक्षरांत काढली: 'आपल्यावर आमची कृपादृष्टी आहे.' मंजिरीनं ती वाचली, दोनदा वाचली, तोंड उघडलं आणि मिटलं.

आता होमाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच घडलंय.

लग्नात होम पेटला की पंखे बंद करावे लागतात. नाहीतर ज्वाळा नवरीच्या शालूकडं वळते आणि गुरुजींच्या डोळ्यांत धूर जातो. आमच्या मांडवात सोळा पंखे आहेत आणि त्या सोळांना मिळून एक मोठा लोखंडी खटका आहे, स्टेजच्या उजव्या अंगाला. तो मीच ओढते. एकतीस वर्षं. नोकरमाणसाला हात लावू दिला नाही, पोराला दिला नाही. गुरुजी समिधा रचतात आणि माझ्याकडं बघतात. मी मान हलवते. चार पावलं चालत जाते, घाई नाही. खटका खाली. सोळा पंखे हळूहळू मंदावतात, चारशे माणसं माना वर करतात, आणि मांडवात अशी शांतता पसरते की आगीचा आवाज ऐकू येतो. आमदाराच्या घरचं लग्न असो, सभापतीच्या घरचं असो, त्यांचा वारा माझ्या हातात. खरं सांगते, नवऱ्यामागं मला एवढा मान दुसरीकडं कुठं मिळाला नाही.

वैशाखात वैरागच्या भालेकरांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. छान झालं. मी खटका ओढला, होम झाला, जेवणावळी उठल्या. तिसऱ्या दिवशी भालेकर नवरा-बायको कचेरीत येऊन बसले. पाणी दिलं तर भालेकरांनी तांब्याला हात लावला नाही.

"काकी, चांदीचा करा गेला," ते म्हणाले.

करवलीच्या हातात लग्नात करा-दिवा असतो. करा म्हणजे तोंडाशी विड्याची पानं लावलेला छोटा कलश. नवरीची धाकटी बहीण करवली होती. तिच्या हातातला तो करा म्हणजे भालेकरांच्या आईच्या लग्नातला, त्या घरच्या तीन पिढ्यांच्या करवल्यांनी धरलेला. होम सुरू झाल्यावर पोरीचे हात भरून आले म्हणून तिनं तो गुरुजींच्या पाटाशेजारी ठेवला. होम संपल्यावर तिथं नव्हता.

"घरी गेल्यावर सगळ्या ट्रंका उपसल्या," भालेकरीण म्हणाली. "पोरगी दोन दिवस जेवली नाही, काकी. म्हणते, आजीचा करा माझ्या हातनं गेला."

"पोलिसात जायच्या आधी तुमच्याकडं आलो," भालेकर म्हणाले. "तुमच्या नावाकडं बघून."

मी म्हटलं, "बसा. माझ्याकडं सगळं रेकॉर्डिंग आहे." केवढ्या ताठ्यात म्हटलं! जसा काही कॅमेऱ्याचा शोध मीच लावलाय.

मंजिरीनं मांडवाची चौकट मोठी केली. नवरा-नवरी, गुरुजी, मागं करवली करा धरून उभी. कोपऱ्यात आकडे पळत होते. बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी गुरुजींनी मान वर केली. आणि पुढच्या क्षणाला जेवणाची रांग! सव्वा वाजलेला. मधलं काहीच नाही. होम नाही, लाह्या नाहीत, सप्तपदी नाही. नवरा-नवरी अग्नीभोवती न फिरताच लाडू खायला गेले होते.

"हे काय?" भालेकरांनी विचारलं.

"मशीन आहे, चुकतं," मी म्हटलं.

"बरोबर त्याच वेळी चुकतं?"

ते ठाण्यात गेले. दुपारी फौजदार सानपबाई आल्या. तरुण होत्या, आवाज हळू, डोळे चौफेर. आधी दारातली पाटी वाचली आणि तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं धूळ गेली असेल. मग टीव्हीसमोर बसून त्यांनी मंजिरीला मागची लग्नं काढायला सांगितली. त्या महिन्यात आमच्याकडं नऊ लग्नं झाली होती. नऊच्या नऊ लग्नांत खड्डा! कधी पंचवीस मिनिटं, कधी चाळीस, पण मुहूर्तानंतर लगेच.

"बाहेरचा चोर नाही हा," सानपबाई म्हणाल्या. "नऊ वेळा पेटी बंद केलीय. घरातलं कुणीतरी. पेटीच्या खोलीची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं आणि कलावतीकडं."

"होमाच्या वेळी ही कलावती कुठं असते?"

"कोठीत," मी म्हटलं. "पत्रावळ्या काढत."

असं मी बोलून गेले. एका ओळीत एकोणीस वर्षं विकली. कलावती म्हणजे माझी कोठीवाली. नवरा गेल्यावर सहा महिन्यांची पोटुशी माझ्या दारात उभी राहिली होती, तेव्हापासून माझ्याकडं. तांदळाचं पोतं नुसतं उचलून सांगते किती जेवतील. जेवताना मला वाढल्याशिवाय स्वतः बसत नाही.

"उद्या सकाळी तिला ठाण्यात पाठवा," सानपबाई म्हणाल्या. "आणि तोवर कार्यालयाचा दाखला मी थांबवते. पुढचं लग्न होणार नाही."

पुढचं लग्न पाचव्या दिवशी होतं. अक्षता वाटून झालेल्या. मला काय झालं कळलं नाही. बोलत बोलत आम्ही मांडवात आलो होतो आणि तिथं सगळी माणसं उभी होती, परत आलेले भालेकर, त्यांची बायको, ध्वनिक्षेपक उतरवायला आलेला इलाही, झाडणाऱ्या बाया. मी सगळ्यांच्या देखत हात पुढं केला.

"कलावती, किल्ली दे."

ती बघत राहिली. मग कमरेची किल्ली सोडली. माझ्या हातात दिली नाही, बाजूच्या सुपात ठेवली, निवडलेल्या लाह्यांवर.

"काकी," ती म्हणाली, "सासूनंबी मला असं कधी विचारलं नव्हतं."

"मी काही विचारलं नाही."

"तेच म्हणते. विचारायचं तरी होतं की."

आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं झालं असतं, मी तिच्यावर ओरडले असते.

त्या संध्याकाळी मंजिरी पेटीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसली होती. अर्थात! घराची अब्रू चाललीय आणि ही वाचतेय. मधेच उठून माझ्याजवळ आली.

"आत्या, पेटी बंद कुणी केली नाही. तिची वीजच जात होती. पेटी स्वतः तसं लिहून ठेवते, वेळेसकट. मला वाटतं तो तुमचा खटका..."

"गप," मी म्हटलं. "एक शब्द नको. कॅमेरे तुझ्या कागदानं आले घरात. एकतीस वर्षं कॅमेरा नव्हता तेव्हा चोरी नव्हती."

ती गप बसली. आमच्या घराण्याला शोभेल अशी गप बसली. आणि कलावतीनं ती रात्र चोर म्हणून काढली.

सकाळी मी कलावतीला ठाण्यात पाठवायला रिक्षा बोलवायला सांगितली. मंजिरीनं रिक्षा बोलावलीच नाही. तिनं सानपबाईंना फोन करून इकडंच बोलावून घेतलं, भालेकरांनाही निरोप दिला, इलाहीला कचेरीत टीव्हीसमोर बसवलं. मला यातलं काही सांगितलं नव्हतं. सगळे मांडवात जमले तेव्हा ती म्हणाली,

"मॅडम, कलावतीमावशीला न्यायच्या आधी पाच मिनिटं द्या. आत्या, जरा होमाचा खटका ओढता का?"

"आत्ता? होम कुठाय?"

"समजा आहे."

मला वाटलं, पोरगी पाव्हण्यांपुढं मला मान देतेय. बुद्धी कशी असते बघा. मी पदर सारखा केला. मान हलवली. चार पावलं चालत गेले, घाई नाही. फौजदारीण बघत होती म्हणून जरा जास्तच ताठ चालले. खटका खाली.

सोळा पंखे मंदावले. शांतता झाली. त्या शांततेत कचेरीतनं इलाहीचा आवाज आला.

"गेलं! चित्र गेलं! पेटीच बंद पडली!"

मी खटका वर केला. पंखे फिरले. थोड्या वेळानं इलाही ओरडला, "आलं!"

मी परत खाली केला.

"गेलं!"

"पुरे काकी," सानपबाई म्हणाल्या. "कळलं."

मला मात्र तिसऱ्यांदा ओढून बघावंसं वाटत होतं, कदाचित तिसऱ्यांदा जाणार नाही म्हणून. ह्यांनी मिक्सरसाठी घेतलेली ती लाइन पंख्यांच्या लाइनीतनं घेतली होती. एकतीस वर्षं मी पंख्यांबरोबर कोठीतला सॉकेटही बंद करत होते आणि त्या वेळी कुणी चटणी वाटत नव्हतं म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

"म्हणजे नऊ वेळा पेटी बंद करणारं घरातलं माणूस..." सानपबाईंनी वाक्य अर्धं सोडलं. मोठ्या घरच्या असाव्यात.

"मीच," मी म्हटलं. "मोठ्यानं बोला की. मांडवातच ओढला, चोरून थोडाच ओढला."

भालेकर मात्र हसले नाहीत. "कॅमेऱ्याचं कळलं काकी. पण माझा करा?"

मंजिरी पुढं आली. अगदी हळू म्हणाली,

"आत्या, खटका ओढल्यावर तुम्ही पुढं काय करता?"

"काय करणार? उभी राहते."

"नाही. आठवा. रोज करता ते करून दाखवा."

मी आठवलं. खटका ओढला की मी स्टेजच्या कडेनं गुरुजींच्या मागं जाते. तिथं त्यांच्या पाटाशेजारी फडकं पसरलेलं असतं, त्यावर तांदूळ, सुपाऱ्या, नारळ, उरल्या लाह्या, पूजेचं काय काय. तो गुरुजींचा शिधा. सप्तपदीला नवरा-नवरी उठले की त्यांच्या पायात येऊ नये म्हणून मी त्या फडक्याची चार टोकं धरते, गाठ मारते आणि कोठीत नेऊन उंचावर ठेवते. हे इतकी वर्षं करतेय की करते हे मला ठाऊकच नव्हतं. श्वास घेतो ते कुणाला आठवतं का?

तिथं फडकं नव्हतं तर मी खांद्यावरचा पंचा पसरला. चार टोकं धरली, गाठ मारली. कोठीकडं चालले. मागं सगळी वरात, फौजदारीण, भालेकर, मंजिरी, दारात कलावती. कुलूप उघडलं. गाठोडं उंचावर ठेवायला हात वर केला.

उंच जागा म्हणजे आता पेटीचा पिंजरा होता. पेटी कायम कोमट असते, तिच्यावर ठेवलेले तांदूळ दमट होत नाहीत, ही अक्कल मीच लढवली होती. आणि पिंजऱ्यावर एक गाठोडं आधीच बसलेलं होतं.

गुरुजी त्या आठवड्यात एका मुहूर्तावरनं दुसऱ्या मुहूर्ताला पळत होते, शिधा मागनं नेतो म्हणाले होते. भालेकरांच्या लग्नाचा शिधा. गाठ माझीच. मी डाव्या हाताची आहे, माझी गाठ उलटी बसते, सगळं कार्यालय ओळखतं.

"हे गाठोडं तुला दिसलं नाही?" मी कलावतीला विचारलं. अजून माझा तोराच गेला नव्हता.

"दिसलं की," ती दारातनं म्हणाली. "पण काकीच्या गाठीला हात लावायचा नाही, हा तुमचाच कायदा."

मी गाठ सोडली. तांदूळ, सुपाऱ्या, अर्धा नारळ, मूठभर लाह्या. आणि मधे आडवा पडलेला करा. तोंडात विड्याची पानं सुकून काळी पडली होती. तीन दिवस पेटीच्या डोक्यावर बसून होता. चारी कॅमेरे सगळ्या दुनियेला बघत होते आणि पेटीच्या डोक्यावर काय आहे ते तेवढं दिसत नव्हतं.

भालेकरीण करा छातीशी धरून रडायला लागली. भालेकरांनी तांब्या मागितला आणि घटाघटा पाणी प्यायले.

सानपबाईंनी तिथंच परातीवर कागद ठेवून लिहिलं. पेटीला आठ दिवसांत वेगळी लाइन, नवव्या कलमाप्रमाणे. "आणि ती पाटी बदला, काकी. कृपादृष्टी असली तर असू द्या, पण कागदात निगराणी आहे."

"दोन्ही लिहू का?"

"नको," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रुमाल काढला. आता मला कळलं की धूळ नव्हती.

सगळे मांडवात परत आले. किल्ली अजून सुपात होती, लाह्यांवर. मी ती उचलली आणि कलावतीपुढं धरली.

"घे."

तिनं घेतली नाही. "हातात नको काकी."

"मग कशात?"

"सगळ्यांदेखत मागितली. आता सगळ्यांदेखत खोवा."

मी कुणापुढं वाकत नाही. खटका ओढतानाही वाकत नाही, म्हणून तर ह्यांच्याकडनं तो उंचावर बसवून घेतला होता. त्या दिवशी फौजदारीण, भालेकर, इलाही, झाडणाऱ्या बाया, सगळ्यांसमोर मी वाकले आणि कलावतीच्या कमरेला किल्ली खोवली. डाव्या हातानं. नीट बसेना, दोनदा खोवावी लागली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"ऐकू आलं नाही," कलावती म्हणाली. तिला चांगलं ऐकू येतं.

"चुकलं म्हणते, चुकलं! आता पत्रावळ्या मोजायला जातेस का, का वाजंत्री लावून नेऊ?"

तेव्हा ती हसली. आणि मग रडली. मी ओरडले नाही.

इलाहीनं त्याच दुपारी भोक पाडलं. कानातनं नाही, मीच जागा दाखवली, उंदराच्या शेपटीच्या टोकाला. आजही आमच्या गणपतीच्या उंदराच्या शेपटीतनं काळी वायर निघते. फोटोत दिसते. कुणी विचारलं तर मी सांगते, ती शेपटीच लांब आहे.

मशीनचा आवाज चालला होता तेव्हा मंजिरी तारेवरचे कागद काढून परत वाचत बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. ती उठायला लागली.

"बस. काल संध्याकाळी तुला कळलं होतं?"

"हो, आत्या."

"आणि पेटी बसवली तेव्हा?"

"तेव्हा शंका होती. कलमात लिहिलंय, पेटीची लाइन दुसऱ्या कुठल्या खटक्यानं बंद होता कामा नये. मी सांगत होते..."

"चौथ्या दिवशी लग्न आहे," मी म्हटलं. "होमाचा खटका तू ओढायचा."

तिच्या हातातला कागद खाली पडला. तो तिनं उचललाही नाही. कागद पडलेला बघून न उचलणारी मंजिरी मी त्यानंतर कधी पाहिली नाही.

"मी? आत्या, तो तर तुमचा..."

"माझा होता म्हणूनच म्हणते. आणि ऐक, परत सांगणार नाही. कागद वाचायची तुझी खोड वाईट आहे, ती आहेच, ती मी सहन करीन. पण त्याहून वाईट खोड तुला आहे, तिच्यापायी कलावती रात्रभर चोर म्हणून झोपली. मी गप म्हटलं की तू गप बसतेस. ती मोड."